कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका वाड्याचा कचरा : जानेवारी ते सप्टेंबर २०२४ च्या कामाच्या नोंदी

७ जानेवारी

आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडे आणि सतरा माणसे राहतात. मागे परसात आड, शेवग्याचे झाड आणि पडक्या न्हाणीघराची मोकळी जागा आहे. आजवर चारही घरांचा कचरा एकाच मोठ्या पिंपात साठत असे आणि सकाळी घंटागाडी आली की ज्याला वेळ असेल तो ते पिंप बाहेर नेत असे. मागच्या आठवड्यात आमच्याकडे नेहमी येणाऱ्या कचरा वेचणाऱ्या मावशींचा हात त्याच पिंपातील फुटलेल्या बरणीने कापला. ती बरणी माझ्या स्वयंपाकघरातील होती आणि ती मीच भाजीच्या देठांखाली टाकली होती. त्यांच्या हातावर हळद बांधताना या कामाचा निर्णय झाला.

आजपासून दोन आठवडे फक्त वजन करायचे, काहीही बदलायचे नाही, असे चारही घरांनी मान्य केले आहे. लक्ष्मीपुरीतून ३५० रुपयांचा आकडी असलेला वजनकाटा आणला.

२१ जानेवारी

पंधरवड्याची सरासरी निघाली. वाड्याचा कचरा रोज ६.८ किलो भरतो, म्हणजे माणशी ४०० ग्रॅम. त्यात ओला कचरा ४.६ किलो, विकता किंवा देता येईल असा सुका कचरा १.१ किलो, आणि झाडलोट, डायपर, सॅनिटरी पॅड, वेफर्सची वेष्टणे वगैरे मिळून उरलेला १.१ किलो आहे. तेव्हाच्या, २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार प्रत्येक घराने ओला, सुका आणि घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा द्यायचा होता. आमच्यापैकी एकही घर ते करत नव्हते, हे येथे नोंदवून ठेवते.

कचऱ्याचा दोनतृतीयांश भाग भाजीपाला, साली, चहाचा चोथा आणि खरकटे यांचाच आहे, हे आकडे पाहिल्यावर परसात खत करायचे ठरले. हे काम करू इच्छिणाऱ्यांनी वजनाचे दोन आठवडे वगळू नयेत. खड्डा किती मोठा लागेल हे त्यावरूनच कळते, आणि घरातील माणसांना पटवायलाही त्या आकड्यांइतके उपयोगी दुसरे काही नाही.

२६ जानेवारी

सुट्टी असल्याने दीरांनी उद्यमनगरातून २०० लिटरचे जुने प्लास्टिकचे पिंप ९०० रुपयांना आणले. तळाला सहा भोके पाडली, विटांवर ठेवले आणि त्यात चार घरांचा ओला कचरा टाकायला सुरुवात केली. प्रत्येक घराला झाकणाच्या दोन बादल्या दिल्या. आठ बादल्यांचे १,१२० रुपये झाले.

४ फेब्रुवारी

नऊ दिवसांत पिंप निकामी झाले. आज सकाळी झाकण उघडताच सडलेल्या अंड्यासारखा वास आला, खालच्या भोकांतून काळे पाणी वाहत होते आणि मागच्या घरातील काकूंनी दुपारचे जेवण खिडक्या लावून केले. मी वासाला भिऊन त्यावर चुना टाकला होता. त्याने वास गेला नाही, उलट जे कुजत होते तेही थांबले.

माझ्या सासूबाईंचे माहेर राधानगरी तालुक्यात आहे. त्यांनी काठीने तळ ढवळला आणि म्हणाल्या, “अगं, ह्याला वाराच न्हाई. उकिरडा कधी झाकून ठेवत्यात व्हय?” दोष नेमका तोच होता. भोके फक्त तळाला होती, तीही गाळाने बुजली होती. कोरडा पदार्थ आम्ही काहीच टाकला नव्हता. शिळे वरण आणि रस्साही त्यात ओतला जात होता. हवा न मिळाल्याने कचरा खत होण्याऐवजी आंबून सडत गेला. पिंपातला सगळा कचरा शेवग्याच्या बुंध्यापासून दूर खड्डा काढून पुरला. त्या कामात दीर आणि मी असे दोघांचे चार तास गेले.

११ फेब्रुवारी

या आठवड्यात फक्त कोरडा पदार्थ शोधला. माझ्या मते या कामातील सर्वांत महत्त्वाचा शोध हाच, म्हणून तो सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा वखारीतून लाकडाचा भुसा आणला. तो इतका बारीक होता की ओल्या कचऱ्याशी मिसळताच त्याचा लगदा झाला आणि हवा पुन्हा कोंडली. शिवाय त्या वखारीत प्लायवूडही कापले जाते. प्लायवूडच्या भुश्यात गोंदाची रसायने असतात, त्यामुळे उरलेला भुसा परत केला. मग रसवंतीगृहातून उसाची चिपाडे मिळाली. ती फुकट होती, पण त्यांत रसाचा अंश राहिलेला असल्याने दोन दिवसांत आंबूस वास सुटला आणि मुंग्यांची रांग थेट स्वयंपाकघरापर्यंत आली. चिपाडे वापरायचीच असतील तर गच्चीवर चार-पाच दिवस कडक वाळवून, विळ्याने तुकडे करून वापरावीत. गुऱ्हाळावरही विचारून पाहिले. गुऱ्हाळघरात वाळलेले चिपाड चुलवणाला जळण म्हणून लागते, ते कोण कशाला देईल? विचारायच्या आधीच हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

शेवटी उपाय उसाच्याच फडात सापडला. ऊस तोडल्यावर शेतात पडणारे पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, अनेक ठिकाणी पेटवून दिले जाते. जाऊबाईंच्या भावाचे शेत शिरोळ भागात आहे. त्याने टेम्पो परत येताना पाचटाचे दोन मोठे बोजे पाठवले आणि भाडे घेतले नाही. पाचट कुरकुरीत आणि लांबट असल्याने थरांमध्ये पोकळी राहते. मात्र अख्खे पाचट लवकर कुजत नाही, म्हणून कोयत्याने वितीएवढे तुकडे करून पोत्यांत भरले. पानांच्या कडा धारदार असतात, त्यामुळे हातमोजे घातल्याशिवाय कोणी बसू नये. आम्ही दोघी बसलो आणि संध्याकाळी दोघींचेही हात चरचरत होते.

१८ ते २० फेब्रुवारी

हवेसाठी जाळीदार भिंतीचा हौद बांधायचा ठरले. यवतमाळ जिल्ह्यातील नारायण पांढरीपांडे यांनी शेतकऱ्यांसाठी तयार केलेली नाडेप पद्धत आपल्याकडे परिचित आहे. विटांच्या भिंतीत ठरावीक अंतरावर छिद्रे ठेवायची, म्हणजे ढीग न उलथताही आत वारा खेळतो. शेतावरचा नाडेप हौद दहा-बारा फूट लांब असतो. आम्ही ३ × ३ × ३ फुटांचे दोन हौद जोडून बांधले. एक भरत असताना दुसरा मुरत राहावा, असा त्यामागचा हिशेब होता. विटा पडक्या न्हाणीघराच्या मिळाल्या.

खर्च : गवंडी दोन दिवस १,८०० रुपये, बिगारी दोन दिवस १,२०० रुपये, सिमेंटची दोन पोती ७६० रुपये, वाळू ६०० रुपये.

येथे दोन चुका झाल्या. गवंडीदादांनी काम नीट व्हावे म्हणून तळाला कोबा घोटून दिला, पण पाणी निघायला उतार आणि मोरी ठेवायला मी सांगितलेच नाही. दुसऱ्या दिवशी छिन्नीने एका कोपऱ्यात भोक पाडून खाली बादली ठेवली. दुसरी चूक समोरची भिंतही विटांनीच पूर्ण बांधून घेण्याची होती. तिची किंमत पुढे मे महिन्यात मोजावी लागली.

२५ फेब्रुवारी

उजवा हौद भरायला घेतला. तळाला सहा इंच पाचट आणि फांद्यांचे तुकडे अंथरले, त्यावर गल्लीतील गवळ्याच्या गोठ्यातून आणलेल्या शेणाचा काला शिंपडला. रोजचा क्रम असा ठरवला : एक बादली ओला कचरा, त्यावर एक ते दीड बादली पाचट, आणि आठवड्यातून एकदा शेणाचा काला. वजनाचे प्रमाण आम्ही पाहत नाही. मूठभर मिश्रण पिळल्यावर बोटांना ओल लागावी, पण थेंब पडू नयेत, एवढीच खूण सर्वांना शिकवली. थेंब पडले तर पाचट वाढवायचे.

३ मार्च

घाई नडली. शनिवारी ४५० रुपयांची एक किलो गांडुळे आणून हौदात सोडली होती. आज पाहिले तर निम्मी हौदाच्या भिंतीवर चढून वाळली होती आणि उरलेली आत मेली होती. मध्यभागी खुपसलेली लोखंडी सळई पाच मिनिटांनी काढली, तर ती हातात धरवेना. ताजा ढीग सुरुवातीला ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो. ही उष्णता चांगलीच असते, कारण तिने तणांचे बी आणि रोगजंतू मरतात. पण गांडुळांना एवढी उष्णता सोसत नाही. त्यांना ढीग पूर्ण थंड झाल्यावरच आणायचे असते. जिवंत प्राणी माझ्या घाईने मेले, याचे वाईट वाटले, आणि पैसेही गेले.

१७ मार्च

सलग दोन सोमवारी सकाळी हौदाच्या कडेला माती उकरलेली आढळली. कारण शोधावे लागले नाही. कोल्हापुरात रविवार म्हणजे मटण. चारही घरांची हाडे आणि ताटातला रस्सा सोमवारी हौदात जात होता, आणि त्या वासाने घूस येत होती. आता रस्सा गाळून पाणी मोरीत आणि हाडे वेगळ्या डब्यात, घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात देण्यासाठी ठेवतो. हौदाच्या भोवती आणि वर १,१०० रुपयांची वेल्डमेशची जाळी बसवली. माशांचे काटे आणि कोंबडीची हाडेही याच नियमात घेतली. अंड्यांची टरफले मात्र चुरून हौदात टाकतो.

१४ एप्रिल

ओला कचरा मार्गी लागल्यावर सुक्याकडे वळलो. वाटले होते, हे सोपे असेल. तसे झाले नाही.

पहिल्या पोत्यातला बराचसा माल भंगारवाल्या दादांनी परत ठेवला. दुधाच्या पिशव्या आतून ओल्या आणि आंबलेल्या होत्या, पुठ्ठ्याला तेल लागले होते, आणि वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत वेष्टणांना कोणी घेत नाही. ही वेष्टणे प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर चिकटवून केलेली असतात आणि ते थर सुटे करणे परवडत नाही. बाटल्या-डब्यांच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा पाहायला मुलांना शिकवले. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे ‘पेट’ प्लास्टिक, २ म्हणजे शाम्पू आणि फिनेलच्या बाटल्यांचे जाड प्लास्टिक, ५ म्हणजे डब्यांचे पॉलिप्रॉपिलीन. यांना गिऱ्हाईक आहे. धाकट्या पुतण्याने तीन खोक्यांवर हे आकडे रंगवले आणि त्यानंतर या कामात मुले मोठ्यांपेक्षा काटेकोर झाली.

दुधाच्या पिशवीचा नियम असा : कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, लटकता ठेवायचा. तो इवलासा तुकडा सुटला की कोणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो. पिशवी लगेच विसळून ते पाणी झाडाला घालायचे आणि पिशवी मोरीच्या भिंतीवर वाळत लावायची. दोन बिऱ्हाडांनी तर पिशवीचे दूध बंद करून गवळ्याकडून बरणीत घ्यायला सुरुवात केली. पिशवी धुण्यापेक्षा ती घरात न येणे केव्हाही बरे.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आमच्याकडे अजून दोन घरांत पाण्याचा बंब पेटतो आणि तो पेटवायला वर्षानुवर्षे प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या जात होत्या, कारण त्या चटकन पेट घेतात. तो धूर तिथेच उभ्या असलेल्या बाईच्या छातीत जातो. पीव्हीसी जातीचे प्लास्टिक जळाले तर त्यातून आम्लाचे वायू निघतात. आता बंबाला नारळाच्या करवंट्या आणि शेंड्या वापरतो. त्या हौदात कुजायला फार वेळ घेतात, तेव्हा त्यांचीही सोय झाली.

२१ एप्रिल

भंगाराचा पहिला महिना : रद्दी ११ किलोचे ११० रुपये, पुठ्ठा १२ किलोचा ९६ रुपये, प्लास्टिक ४ किलोचे ४८ रुपये, लोखंड-पत्रा १ किलोचा २५ रुपये. पाच किलो काचेला काहीच मिळाले नाही. एकूण २७९ रुपये, म्हणजे घरटी सत्तरही नाहीत. केवळ पैशासाठी हे काम कोणी करू नये, निराशा होईल.

हे सुके सामान दर शनिवारी मावशींना द्यायचे, असे सर्वांनी ठरवले. त्यांना ते कोरडे, निवडलेले आणि बांधलेले मिळते. उकिरड्यात वाकून हात घालावा लागत नाही, आणि स्वच्छ मालाला त्यांना दरही बरा मिळतो. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून वेगळी देतो. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढतो. संपलेले सेल, मुदत संपलेली औषधे आणि बल्ब यांचा डबा निराळा आहे. आज मावशी म्हणाल्या, “ताई, आता घाण वाटत न्हाई बघा.” त्यांच्या बोटावरची खूण अजून दिसते.

२६ मे

उजवा हौद काठोकाठ भरला. रोज साधारण ४.३ किलो ओला कचरा यात गेला. हाडे आणि रस्सा वगळल्याने आधीच्या आकड्यापेक्षा तो थोडा कमी आहे. खालचे खत पाहायला गेलो, तर समोरच्या भिंतीमुळे फावडे आत जाईना. वरून वाकून काढायचे तर तीन फूट खोल. अखेर गवंडीदादांना अर्ध्या दिवसाचे ५०० रुपये देऊन दोन्ही हौदांच्या समोरच्या भिंती फोडल्या, खाचा ठेवल्या आणि जुन्या दारांच्या फळ्या सरकत्या बसवल्या. ज्यांना हौद बांधायचा असेल त्यांनी समोरची बाजू पहिल्यापासून फळ्यांचीच ठेवावी.

खालचा एक फूट थर काळा आणि भुसभुशीत होता, त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येत होता. सासूबाईंनी मूठभर उचलून तुळशीत टाकले. ढीग आता थंड होता. गवळ्याच्या गोठ्यामागच्या जुन्या शेणातून डबाभर गांडुळे मागून आणली आणि ती जगली.

२३ जून

पाऊस सुरू झाला आणि चार महिने बसवलेली घडी दोन आठवड्यांत विस्कटली. हौदावर छप्पर नव्हते. शिवाय उरलेल्या पाचटाची पोती आडाजवळ उघड्यावर ठेवली होती, ती भिजून काळी पडली. डावा हौद सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच त्यात पिंपासारखा वास येऊ लागला. जुने पत्रे १,४०० रुपयांना आणून दोन्ही हौदांवर तिरके बसवले. पुठ्ठा फाडून आणि वर्तमानपत्राचे बोळे करून पाचटाच्या जागी वापरले, मिश्रण उलथले, आणि चार दिवसांत वास गेला. पावसाळ्याचे पाचट मार्चमध्येच कोरड्या खोलीत भरून ठेवले पाहिजे. गळीत हंगाम संपल्यावर ते मिळत नाही.

१९ जुलै आणि पुढचे दिवस

आषाढातला शुक्रवार. त्र्यंबोलीच्या यात्रेचे दिवस असल्याने गल्लीत वाद्ये वाजत आहेत, घरोघरी पाहुणे आहेत आणि हाडांचा डबा दुपारीच भरला. जेवणावळीसाठी पत्रावळी आम्ही पानांच्या आणल्या होत्या, त्या फाडून हौदात गेल्या. पण एका घरी आलेल्या पाहुण्यांनी चकचकीत लेप असलेल्या कागदी वाट्या आणल्या आणि त्याही हौदात पडल्या. त्या लेपात प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो कुजत नाही. दीर आणि मी रात्री त्या वेचून काढल्या. पाहुण्यांना दोष नाही. हौदावर पाटी लावली नव्हती, ती आता लावली आहे.

याच आठवड्यात हौदात करड्या, जाडसर अळ्यांचा थर दिसला आणि काकूंनी कचरा टाकणेच बंद केले. त्या काळ्या सैनिकी माशीच्या अळ्या होत्या. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही आणि तिच्या अळ्या ओला कचरा फार वेगाने खातात. मात्र त्या वाढल्या याचा अर्थ हौद जास्त ओला झाला आहे. पाचट आणि पुठ्ठा दुप्पट केला, वर दोन इंच कोरडा थर दिला. दहा दिवसांत त्या बऱ्याच कमी झाल्या आणि काकू परत आल्या.

जुलैच्या अखेरीस पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. आमची गल्ली उंचावर असल्याने पाणी आले नाही. पण पूर ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांच्या फांद्यांवर अडकलेल्या पिशव्या पाहून आले आणि त्यात दुधाच्या पिशव्या किती आहेत, ते मोजायचा प्रयत्न सोडून दिला.

२५ ऑगस्ट

उजव्या हौदातील खत काढले. जुलैतच काढायचे होते, पण ओले खत चाळणीतून पडेना. ओसरीवर पसरून आठ दिवस सुकवले आणि मग वाळूच्या चाळणीने चाळले. चाळलेले खत ७८ किलो भरले. वर राहिलेली पाचटाची दांडकी आणि आंब्याच्या कोयी डाव्या हौदात विरजण म्हणून गेल्या. चार घरांनी वाटणी करून घेतली. कढीपत्ता, जास्वंद आणि गच्चीवरच्या वांग्यांना घातले, आणि एक पोते पाचट देणाऱ्या भावाकडे शिरोळला पाठवले.

पुन्हा दोन आठवडे वजन केले. घंटागाडीत आता रोज १.४ किलो कचरा जातो. त्यात हाडे, झाडलोट, पॅड-डायपर आणि कोणी न घेणारी वेष्टणे आहेत. जानेवारीत हाच आकडा ६.८ होता.

एकूण खर्च १०,१८० रुपये झाला, म्हणजे प्रत्येक घराला २,५४५. त्यातले पिंप, गांडुळे आणि भिंतीची मोडतोड मिळून १,८५० रुपये निव्वळ माझ्या चुकांचे आहेत. रोजचे काम आता प्रत्येक घराला पाच मिनिटांचे आहे. रविवारी उलथण्याचे काम पाळीने करतो, त्याला पाऊण तास लागतो.

१७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. अकरा दिवसांचे निर्माल्य या वर्षी नदीत किंवा रंकाळ्यात गेले नाही. हारांतील दोरे, जरीचे तुकडे आणि प्लास्टिकची फुले निवडायला एक संध्याकाळ लागली. फुले, दूर्वा, पत्री आणि केळीचे खुंट तुकडे करून हौदात टाकले. केळीचे खुंट पाण्याने जड असतात, म्हणून त्यांच्याबरोबर नेहमीच्या दुप्पट कोरडा थर दिला. मंडपातल्या सजावटीसाठी मुलांनी पुठ्ठा वापरला होता, तो आता कोरड्या थरासाठी फाडून पोत्यात ठेवला आहे.

डावा हौद आज भरला आणि त्याची फळी बंद केली. उद्यापासून पुन्हा उजवा हौद सुरू होईल. डाव्यातील खत डिसेंबरात चाळायचे आहे, आणि नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की पाचटाचे दोनऐवजी चार बोजे मागवायचे, असे शिरोळला कळवले आहे.